नाव शोधत आहोत

प्रिय ईरा आणि नील,

गेल्या रविवारी फोनवर बोलताना माझ्या मागच्या भिंतीवरचा फोटो ईराला दिसला आणि तिने विचारलं, "आजी, मागच्या ओळीतली ती बाई उभ्या उभ्या झोपली आहे का?" मी म्हटलं, झोपलेली नाही, लिहून कळवते. त्या बाईंचं नाव मला ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर ज्या माणसाने ते शोधून काढलं त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं, आणि मधे माझी एक चूक येते, तीही सांगायला हवी. शिवाय दिवाळीत तुमचा बाबा येईल तेव्हा एक हार्ड डिस्क तिकडे घेऊन जाणार आहे. ती तुमच्या कपाटात जाण्यापूर्वी कुणाच्या हातची आहे हे तुम्हाला कळलेलं बरं. म्हणून आत्ताच लिहिते, आणि क्रमाने लिहिते. बाबा वाचून दाखवील.

बनारसमध्ये जन्मलेला, दुर्गाघाटच्या गल्लीत साठ वर्षं राहिलेला आणि तरीही पान न खाणारा माणूस मी एकच पाहिला. त्यांना सगळे पार्सलबाबू म्हणत. जन्मापासून खात नव्हते असं नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते तोवर दिवसाला दहा-बारा पानं व्हायची. निवृत्त झाल्यावर त्यांना जुने कागद वाचायचा नाद लागला, आणि एके दिवशी कुणाच्या तरी घरचं जुनं पत्र वाचता वाचता तोंडातला लाल थेंब कागदावर पडला, तोही नेमका लिहिणाऱ्याच्या सहीवर. ते तसेच उठले, कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेले आणि उद्यापासून माझं पान लावू नकोस म्हणून सांगून आले. पानवाल्याला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी भयंकर सांगितलं असणार. तो बरेच दिवस त्यांना तब्येतीचं विचारत असे. पितळेचा पानडबा मात्र काशी सोडेपर्यंत त्यांच्या खिशात राहिला. ज्या खणात चुना आणि कात असायचा तिथे मऊ ब्रश, भिंग, पेन्सिलीचे तुकडे आणि चिठ्ठ्या कापलेल्या असत.

त्यांचं काम असं : आपल्या या घाटांवरच्या मराठी घरांमध्ये जी जुनी पत्रं, फोटो, यात्रेकरूंच्या वह्या पडून आहेत, त्यांचे फोटो काढायचे, नीट नाव घालून ठेवायचे, म्हणजे कागद गेला तरी त्यातला मजकूर राहील. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. गल्लीतली पोरंटोरं विचारायची, "का पारसल बाबू, आज केकर चिट्ठी छुड़ावे जात हउआ?" आज कुणाची चिठ्ठी सोडवायला निघालात? ते न थांबता उत्तर देत, "तोहरे दादा क." तुझ्या आजोबाची.

कुणाच्याही घरी गेले की पहिल्यांदा हात धुवायचे, कोपरापर्यंत. स्वतःच्या पंच्याने पुसायचे. मग दोन्ही हात वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे, खोलीत यायचे. घरच्या बाईने चहा आणला तर तो बाहेर ओट्यावर ठेवायला सांगायचे. चहा आणि कागद एका खोलीत नको, हा त्यांचा नियम. दुसरा नियम असा की कागद रात्रभर स्वतःच्या घरी ठेवायचा नाही. सकाळी नेला तर दिवेलागणीच्या आत परत. नेताना पावती द्यायचे, परत केल्यावर पावती मागून घ्यायचे. चाळीस वर्षांची सवय. लोक कागद द्यायला बिचकले की म्हणायचे, "कागद तुमचा. मला फक्त त्याची सावली द्या."

मी या कामात आले ती तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी. मी शाळेतून निवृत्त झालेली, घरात एकटी, कपाटं पुन्हा पुन्हा आवरणारी. तुमच्या बाबाने मला वेळ जावा म्हणून एक स्कॅनर पाठवला होता. तो खोक्यातच होता. पार्सलबाबूंना कुणीतरी सांगितलं, आणि ते एका सकाळी दारात उभे. मी त्यांना भावजी म्हणायची, ते मला वहिनी. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे यंत्र आहे आणि इंग्रजी आहे. माझ्याकडे दोन्ही नाही. पण कागद कुठे आहेत ते मला ठाऊक आहे." एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांना संकेतस्थळावर जागा देऊ केली होती, मात्र प्रत्येक वस्तूचं वर्णन इंग्रजीत हवं होतं. मी इंदूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. दुसऱ्या दिवसापासून आमचं ऑफिस माझ्या जेवणाच्या टेबलावर सुरू झालं. सकाळी दहा ते एक. चहा ओट्यावर.

शिस्तीची मला घमेंड होती, ती त्यांनी पहिल्या आठवड्यातच उतरवली. एका फोटोतल्या बाईचं नाव सापडेना म्हणून मी वर्णनात "अनोळखी स्त्री" असं इंग्रजीत लिहिलं. त्यांनी अर्थ विचारला आणि भिंग खाली ठेवलं.

"अनोळखी कुणाला? आपल्याला. तिला स्वतःची ओळख होती की."

"मग काय लिहू?"

"लिहा, नाव शोधत आहोत."

मी म्हटलं, अशी नोंद कुठल्याच ग्रंथालयात नसते. ते म्हणाले, पार्सल ऑफिसात असते. ज्या खोक्यावरचा पत्ता पुसला गेलाय त्याला टाकून द्यायचं नसतं, वेगळ्या फळीवर ठेवायचं असतं, आणि रोज सकाळी त्या फळीकडे एकदा बघायचं असतं. तेव्हापासून आमच्या यादीत त्या एका वाक्याचा वेगळा विभाग आहे, आणि रोज काम सुरू करताना आम्ही तो आधी उघडायचो.

आता तुमच्या फोटोकडे येते. गल्लीच्या टोकाला नाना गुरुजी राहतात. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंची धर्मकृत्यं होत आली. माझ्याकडे आहे ती प्रत, मूळ फोटो त्यांच्या बैठकीत होता : दुर्गाघाटच्या पायऱ्या, पुढे वेदपाठशाळेचे गुरुजी आणि विद्यार्थी बसलेले, मागे सात बायका उभ्या. खाली पांढऱ्या कडेवर शाईने सगळ्या पुरुषांची नावं, अगदी सात-आठ वर्षांच्या मुंज झालेल्या पोरांचीसुद्धा. आणि शेवटी एवढंच : "मागे, घरातील मंडळी."

पार्सलबाबूंनी फोटो मागितला. नाना म्हणाले, उद्या या. उद्या गेले तर म्हणाले, सवडीने बघू. पार्सलबाबू अकरा दिवस रोज नऊ वाजता जात, ओट्यावर बसत, पंचांगाच्या दोन गोष्टी बोलत आणि परत येत. रागावलेलं मी त्यांना पाहिलं नाही. बाराव्या दिवशी नानांची सूनच वैतागली. तिने स्टूल घेतलं, फोटो काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हणाली, "न्या एकदाचा. पण संध्याकाळी आणा हं काका, मागे भिंतीला डाग आहे, तो दिसतोय."

स्कॅन झाल्यावर त्यांनी सात बायकांना उजवीकडून आकडे दिले आणि घरोघर विचारायला सुरुवात केली. लॅपटॉप नाही, मोठी छापील प्रत काखेत. पहिल्या चौघींची नावं पंधरा दिवसांत मिळाली. पाचवी नानांच्या घरातलीच निघाली, आणि नानांना ते माहीत नव्हतं. सहावी माझ्या आजेसासूबाई, म्हणजे तुमच्या आजोबांची आजी. त्यांना मी त्यांच्या नथीवरून ओळखलं, ती नथ तुमच्या आईकडे आहे.

सातवी त्यांच्या शेजारी उभी, पांढऱ्या लुगड्यातली, डोक्यावरून पदर ओढलेली, डोळे मिटलेले.

मी तिला पाहिल्याबरोबर ओळखलं. सासूबाई कधीतरी हसत हसत सांगायच्या, "आमच्या माडीवरच्या आत्याबाई. जन्मात एकदा फोटो निघाला, तर त्यात डोळे मिटले." या आत्याबाई आजेसासऱ्यांच्या लांबच्या नात्यातल्या. लहानपणीच नवरा गेला, कुणीतरी काशीला आणून सोडलं आणि त्या आमच्या घरी माडीवर राहिल्या, मरेपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. घरात त्यांचं नाव कधी निघालंच नाही. सगळ्यांना त्या आत्याबाई.

पार्सलबाबू समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "ही सातवी? तुमच्या आजेसासूबाईंना खेटून उभी आहे, म्हणून विचारतो." मी म्हटलं, "नाही हो आठवत." आणि टाइप केलं, नाव शोधत आहोत.

खोटं का बोलले ते सांगते. सासूबाई गेल्या त्या वर्षी मी घर रंगवायला काढलं होतं. माडीवर एक लोखंडी ट्रंक होती, तिच्यात तांबड्या फडक्यात बांधलेली पत्रं. मोडीतली. मला मोडी येत नाही. मी वरची काही कार्डं चाळली, वाचता आला तो फक्त टपालाचा शिक्का, कारण तो इंग्रजीत होता. आपल्याकडे लिहिलेला कागद रद्दीत घालत नाहीत, जाळत नाहीत, तो पायाखाली येऊ नये म्हणून गंगेत सोडतात. मीही तेच केलं. दुर्गाघाटावरून होडी केली, मध्यावर गेले, फडक्याची गाठ सोडली, नमस्कार केला. परत येताना मला फार बरं वाटलं होतं. एक काम नीट पार पाडल्यासारखं वाटलं होतं. आणि आता ज्या टेबलाशी बसून मी लोकांना कागद जपायला सांगत होते, त्या टेबलावर हे कसं सांगू?

सात महिने मी गप्प राहिले. पार्सलबाबू सातवीसाठी फिरत राहिले. नानांच्या जुन्या वह्यांत यात्रेकरूंच्या नोंदी असतात, त्या त्यांनी परवानगी काढून पानोपान बघितल्या. तिथे पुरुषाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव, आणि शेवटी "सोबत बायका तीन". ते वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा वहिनी, बिछान्याच्या वळकट्यासुद्धा आम्ही असं बुक करत नव्हतो. त्यांनाही चिठ्ठी लागायची."

ज्येष्ठात एका दुपारी ते मुन्शी घाटाकडून चालत आले. तिथे कुणी नव्वदीच्या बाई होत्या, त्यांना फोटो दाखवायला गेले होते. लू वाहत होती, इकडचा उन्हाळ्यातला भाजणारा वारा. बाईंना दिसतच नव्हतं, काही निष्पन्न झालं नाही. ते माझ्या दारात आले, भिंतीला हात लावला आणि खालीच बसले. मी पाणी दिलं, पंचा ओला करून डोक्यावर ठेवला. पाचेक मिनिटांनी डोळे उघडून म्हणाले, शिंदे घाटाकडे अजून एक घर राहिलंय, उद्या जाऊन येतो.

मग मी सांगितलं. सगळं. आत्याबाई, ट्रंक, तांबडं फडकं, होडी.

ते बराच वेळ पानडब्याचं झाकण उघडत-मिटत राहिले. मग एकेक प्रश्न विचारला, पार्सल हरवल्याची तक्रार लिहून घेताना विचारावा तसा. कधी? सगळी? एकही मागे राहिलं नाही? मी उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, "आणि सात महिने तुम्हाला माहीत होतं." हा प्रश्न नव्हता. उठले, पंचा पिळून माझ्या दोरीवर वाळत घातला आणि गेले.

तीन दिवस आले नाहीत. मी दहा वाजता टेबल पुसून बसत होते आणि एक वाजता उठत होते. चौथ्या दिवशी आले. हात धुतले, वर धरले, बसले.

"मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण ते आता तुमच्याही हातात नाही आणि माझ्याही. मी वेगळाच विचार करत होतो. पार्सलची नोंद दोन ठेसनांवर असते, वहिनी. जिथून निघालं तिथे आणि जिथे पोचलं तिथे. तुम्ही सोडलीत ती त्यांना आलेली पत्रं. त्यांनी पाठवलेली तुमच्या ट्रंकेत कशी असतील? ती तिकडे असणार. तिकडचं ठेसन सांगा."

मला मोडी आली नव्हती, पण शिक्का आला होता. सगळ्या कार्डांवर एकच होता, आणि हे गाव कुठे असेल असं तेव्हा मनात आलं होतं म्हणून लक्षात राहिला. कोंडसर.

ते कोकणात आहे हे मी इंटरनेटवर शोधलं आणि म्हटलं, तिथल्या कुणाचा तरी ईमेल मिळतो का बघते. ते म्हणाले, ईमेल कुणाच्या दारात पडतं? त्यांनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला आणि दर सोमवारी कोंडसरला एक कार्ड टाकायला लागले. पहिलं पोस्टमास्तरांना, दुसरं शाळेच्या मुख्याध्यापकांना, तिसरं सरपंचांना, मग पुन्हा पहिल्यापासून. मजकूर तोच : काशीला दुर्गाघाटावर राहणाऱ्या, लहानपणी विधवा झालेल्या आपल्या गावच्या माहेरवाशिणीची पत्रं कुणाच्या घरी असतील तर कळवावे. आमचा पोस्टमन म्हणायचा, बाबू, उत्तर येत नाही, का पैसे घालवता? ते म्हणायचे, माझं काम बुकिंग करायचं, गाडी आणायचं नाही. पाऊस संपला, पितृपक्ष झाला, नवरात्र झालं. त्यांना धाप लागायला लागली होती. जबलपूरहून त्यांची लेक फोन करून इकडे या म्हणत होती. ते म्हणायचे, फळीवर एक खोकं आहे, ते गेलं की येतो.

दिवाळीनंतर एका सकाळी माझा फोन वाजला, कारण कार्डावर नंबर माझा होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "मी कोंडसरहून अनंत बोलतोय. तुमच्या कार्डांनी आमचं पोस्ट भरलं हो. आमच्या पोस्टमास्तरीणबाईंनी कालचं कार्ड माझ्या हातात कोंबलं, म्हणाल्या, तुमच्याच घरचं दिसतंय, आता तरी उत्तर द्या." त्यांच्या माळ्यावर आजोबांचा पत्र्याचा डबा होता. त्यात काशीची एकोणीस कार्डं होती.

अनंतरावांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवले. पहिले काही असे, की अर्ध्या कार्डावर त्यांचा अंगठा. पार्सलबाबूंना हे चालणं शक्यच नव्हतं. त्यांचा पहिल्यापासूनचा दंडक होता, बोट दिसता कामा नये, फोटो कागदाचा आहे, आपला नाही. त्यांनी माझ्या फोनवरून कोकणाला धडे द्यायला सुरुवात केली. खिडकीजवळ बसा, ऊन थेट नको, बोट काढा. अनंतराव म्हणाले, "बोट काढलं की कार्ड वळतंय." तर हे म्हणाले, "घरात सुपारी आहे ना? चार कोपऱ्यांवर चार ठेवा." फोन ठेवून मला म्हणाले, "तेवढाच आता सुपारीचा उपयोग."

कार्डं आली. मी उघडली आणि थक्क झाले, कारण ती मोडीत नव्हती. मोठं, सुटं, बाळबोध अक्षर, नवीन शिकलेल्या मुलीचं असतं तसं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की आत्याबाईंना लिहितावाचता येत नसणार. त्या काशीत येऊन शिकल्या होत्या. कदाचित त्या फोटोतल्याच एखाद्या मुंजीच्या पोराकडून, कोण जाणे.

मी एकेक मोठ्याने वाचत गेले. धाकट्या भावाला लिहिलेली. गंगेला पाणी किती चढलं, इथे भाताची चव कशी लागत नाही, आंब्याच्या दिवसांत आठवण येते. चौथ्या की पाचव्या कार्डात हे होतं : "इथे पायरीवर फोटो काढला. सकाळचे ऊन समोरून होते, म्हणून माझे डोळे मिटले. नाहीतर मी दिसते तशी आले असते." आपले घाट पूर्वेला तोंड करून आहेत, ईरा. तू विचारलंस त्याचं उत्तर तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं.

पण प्रत्येक कार्डाच्या शेवटी सही एकच होती, "तुझी ताई". बारा वाचली, तेरा वाचली, तुझी ताई. मी म्हटलं, भावजी, हिचं नाव हिनेही लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "अजून सहा आहेत. वाचा."

सतरावं कार्ड वाचते तर लिहिलेलं : "मुलगी झाली ते कळले, आनंद झाला. वहिनी माझे नाव ठेवू म्हणते, ते तिला ठेवू नये. द्वारका नावाला सुख लागले नाही. गोदा ठेवा, कृष्णा ठेवा. ऐकावे."

मी थांबले. पार्सलबाबूंनी चष्मा काढला. म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. त्यांनी पेन्सिल घेतली, फोटोच्या प्रतीवर सातव्या आकड्यासमोर द्वारका असं लिहिलं आणि मला म्हणाले, "आता ते वाक्य पुसा." मी यादी उघडली आणि नाव शोधत आहोत हे पुसून नाव टाइप केलं.

मला राहवेना. मी अनंतरावांना फोन लावला आणि विचारलं, त्या मुलीचं शेवटी काय नाव ठेवलं हो? ते म्हणाले, "द्वारकाच. आमची मोठी आत्या. माहेरपणाला आलीय, आत झोपाळ्यावर बसलीय. देऊ का?" आणि दिलासुद्धा. त्या बाई ऐंशीच्या पुढच्या. काशीला कुणीतरी होती, तिचं नाव मला ठेवलं, एवढंच त्यांना माहीत होतं. भावाने ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "दिसायला कशी होती?" मी फोटो पाठवला. पलीकडे कुणीतरी मोबाइल त्यांच्या डोळ्यांशी धरला असावा. मग आवाज आला, "डोळे मिटलेत की. माझेपण मिटतात हो, प्रत्येक फोटोत."

पार्सलबाबू ओट्यावर जाऊन चहा प्यायले. पहिल्यांदाच दुसरा कप मागितला.

मूळ फोटोवर काही लिहायचं नाही, म्हणून त्यांनी एका कागदाच्या पट्टीवर सातही नावं लिहिली आणि आम्ही दोघं ती घेऊन नाना गुरुजींकडे गेलो. नानांनी चष्मा लावून ती मोठ्याने वाचली, एकेक करून, संकल्प सांगताना नावं घेतात तशी. मग सुनेला म्हणाले, फोटोच्या खाली लाव, त्या डागावर. सून म्हणाली, "डागावर कशाला, दिसेल अशी लावते."

त्यानंतर पार्सलबाबू लेकीकडे गेले. निघताना पानडबा माझ्या टेबलावर ठेवला आणि मी काही म्हणायच्या आत पावतीपुस्तक काढून म्हणाले, "सही करा. सामान ताब्यात घेतल्याची." मी सही केली. हसले आणि पावती खिशात घातली. माघात जबलपूरलाच ते गेले. लेकीने सांगितलं, पावती शर्टाच्या खिशात होती.

मी काम थांबवलं नाही. आठवडाभर टेबलावर काही ठेवलं नाही, मग सोमवारी दहाला हात धुऊन बसले. त्या आठवड्यात मला एक गोष्ट लक्षात आली. आम्ही इतक्या लोकांचे चेहरे जमा केले, पण त्या सगळ्यात पार्सलबाबूंचा एकही फोटो नव्हता. यादीतही त्यांचं नाव कुठे नव्हतं, मीच कधी घातलं नव्हतं.

मग नेहमीच्या सवयीने डिस्क आवरायला घेतली. बिघडलेल्या स्कॅनचा एक फोल्डर होता, तो काढून टाकायचा होता. त्यात घाटावरच्या त्या फोटोची अगदी पहिली, फसलेली प्रत निघाली. फोटो तिरका, आणि डाव्या कोपऱ्यात एक अंगठा. नख मधोमध चिरलेलं. खोक्याची लोखंडी पट्टी लागून पार्सलबाबूंचं तसं झालं होतं, तरुणपणी. माझं बोट डिलीटवर होतं. मी ते उचललं.

तो फोल्डर मी ठेवला आहे. तो अंगठा ज्या प्रतीत आहे तिची वेगळी नोंद केली आहे, सगळ्या यादीच्या सुरुवातीला.

काय उरलं आहे ते लिहून थांबते. माडीवरच्या ट्रंकेतली पत्रं उरलेली नाहीत, ती मी घालवली. कोंडसरच्या डब्यात एकोणीस कार्डं आहेत आणि त्यांच्या सावल्या तीन डिस्कांवर आहेत, त्यातली एक तुमच्याकडे येते आहे. नानांच्या भिंतीवर सात नावांची पट्टी आहे. पहिल्या नोंदीत एक अंगठा आहे, आणि त्याच्यासमोर मी नाव लिहिलं आहे : दत्तात्रय विष्णू आपटीकर, दुर्गाघाट, काशी.